डाळ मिलवर बायांची रोजी वाढवली तर धंदा बुडते का?

पत्र थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका भावानं लिहिलंय. वय 36, वडलांनी टाकलेली तुरीची डाळ मिल आता हाच बघतो. सीझनला दिवसाला 15 क्विंटलच्या आसपास तूर निघते, कामावर 14 जण. मशीनवर एक ऑपरेटर, रोजी 600. अंगणात तूर पसरवायला, पलटवायला, गोळा करायला दोन माणसं अन चार बाया, माणसाला 400 अन बाईला 250. निवडणीवर पाच बाया, त्यांनाही 250. दोन हमाल, त्यांना कट्ट्यामागं, म्हंजे पोत्यामागं, पैसे. मागच्या सीझनला ऑपरेटर आठ दिवस गायब झाला तेव्हा निवडणीवरच्या एका बाईनं मशीन सांभाळलं, अन डाळीचा उतारा क्विंटलमागं 68 किलोवरून 70 वर गेला. आता ऑपरेटर काम सोडून नागपूरकडे गेलाय. भाऊंच्या मनात त्या बाईलाच 350 रोजीवर ऑपरेटर करायचं आहे, "म्हंजे दोन्हीकडचे खूश". पण अंगणातली माणसं म्हणतात, "बाईच्या हाताखाली काम कराचं नाई आपल्याले." वडील म्हणतात, बायांचा रोज वाढवला तर उद्या गावातले सगळे शेतकरी दारात येऊन उभे राहतील. साळा पुण्यात कंपनीत आहे, तो सांगतो की ज्या कंपनीत सगळ्या प्रकारचे लोक असतात तिचा नफा जास्त असतो, तसं ट्रेनिंग झालंय त्याचं. भाऊंचा प्रश्न सरळ आहे: "खरं सांगा, हे समानता-बिमानता ठेवली तं पैसा येते का जाते?"

भाऊ,

पत्र वाचून पहिले तं बरं वाटलं, कारण तुम्ही सगळे आकडे दिले. बहुतेक लोक "बायांना परवडत नाही" एवढं लिहून मोकळे होतात. पण एक आकडा तुमच्या पत्रात सापडला नाही मला. ती बाई आठ दिवस मशीनवर होती, त्या आठ दिवसांची रोजी तिला किती दिली? तुम्ही लिहिलं नाही म्हंजे बहुतेक 250 नंच दिली असेल. काम 600 चं, पैसे 250 चे, रोजचा फरक 350, आठ दिवसाचे 2800 रुपये. बाकीचं सगळं नंतर ठरवू, आधी ते 2800 तिच्या हातात द्या अन कशाचे आहेत ते सांगून द्या, दिवाळीची ओवाळणी म्हणून नाही. तिथून पुढं जे काही बोलाल ते तिला खरं वाटेल, नाहीतर नाही.

आता तुमचाच हिशोब तुमच्यापुढं मांडते. उतारा दोन किलोनं वाढला, दिवसाला 15 क्विंटल म्हंजे 30 किलो डाळ जास्त, जी एरवी चुरीत गेली असती. डाळ न चुरीच्या भावात किलोला 60 रुपयांचा फरक तुम्हीच लिहिलाय, झाले 1800 रुपये रोजचे. अन नऊच्या नऊ बायांना 250 चे 400 केले तर वाढीव खर्च 150 गुणिले 9, म्हंजे 1350. मशीनवरच्या माणसाचे 600 तुम्ही आधीही देतच होते, ते यात धरत नाही. म्हंजे सगळ्यांना सारखं देऊनही रोजचे 450 तुमच्याच गल्ल्यात राहतात.

पण थांबा, एवढ्यावर नाचू नका. आठ दिवसाच्या उताऱ्यावर पैज लावू नये. त्या आठवड्यात आलेली तूरच टपोरी असेल, ऊन कडक पडलं असेल, कोणाला माहीत. तेल-पाणी लावून तूर किती वाळली यावर किती खेळ असतो हे तुम्हाला मी काय सांगावं. म्हणून येत्या सीझनला एकाच शेतकऱ्याची, एकाच वावरातली तूर घ्या, लॉटनिहाय वही ठेवा, तूर किती गेली, डाळ किती, चुरी किती, साल किती, मशीनवर कोण होतं. महिन्याभरात कळेल की हे तिच्या हाताचं आहे का नशिबाचं.

मला तरी ते हाताचं वाटतं, अन त्याचं कारण तुम्हीच लिहिलेली एक बारीक गोष्ट. तुम्ही म्हणता ती बाई मशीन चालू करायच्या आधी अंगणात जाते, चार ठिकाणचे चार दाणे उचलते, दाताखाली धरते, "कट्ट" वाजला तरच तूर उचलायला सांगते, दाणा चेपला तर म्हणते अजून एक ऊन द्या. जुना ऑपरेटर घड्याळ पाहून मशीन चालू करायचा. भाऊ, हे ज्ञान तुमच्या मिलमध्ये किती वर्षं 250 रुपयावर निवडणीत बसून होतं? ऑपरेटर गायब झाला नसता तर तुम्हाला कळलंही नसतं.

तुमच्या मिलमधली ही गोष्ट देशाच्या पातळीवर पण मोजली गेलीय. अमेरिकेत 1960 साली डॉक्टर न वकिलांमध्ये 94 टक्के गोरे पुरुष होते, 2010 पर्यंत ते 62 टक्क्यांवर आले, म्हंजे बाया न काळे लोक त्या कामात आले. चार अर्थतज्ज्ञांनी 2019 मध्ये हिशोब काढला की त्या 50 वर्षांत तिथं माणशी उत्पादन जेवढं वाढलं त्यातला 20 ते 40 टक्के वाटा यामुळं आहे, ज्याला जे जमतं ते त्याला करू दिलं यामुळं. त्यात दयामाया काही नाही, चुकीच्या जागी बसवलेली माणसं योग्य जागी गेली एवढंच. बाबासाहेब 1942 ते 46 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हापासून आपल्याकडे समान कामाला समान दाम हे बोललं जातंय, पुढं ते घटनेच्या 39 व्या कलमात पण आलं, पण आपण ते भाषणात ठेवलं अन मजुरीच्या वहीत आणलंच नाही.

आता साळ्याचं म्हणणं. तो चूक नाही पण अर्धंच सांगतोय. मोठमोठ्या सल्लागार कंपन्यांचे ते रिपोर्ट एवढंच दाखवतात की जिथं नफा जास्त तिथं वेगवेगळे लोक पण जास्त दिसतात. आता वेगवेगळे लोक आहेत म्हणून नफा झाला, का आधीच पैसा होता म्हणून अशा गोष्टी परवडल्या, हे त्यातून कळत नाही. चार जातीचे चार जण एका छताखाली आणून बसवले की आपोआप पैसा येतो असं काही नसतं. उलट पण होतं.

केनियात एका फुलांच्या पॅकिंग कारखान्यात याचा अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला. तिथं तीन-तीन जणांची टीम, एक जण फुलं पुरवणारा, दोघं जण गुच्छ बांधणारे. पुरवणाऱ्याची कमाई दोघांच्या मिळून कामावर. तरीही तो आपल्या जमातीच्या माणसाला जास्त फुलं द्यायचा अन दुसऱ्याला कमी, स्वतःचं नुकसान करून घेऊन! 2008 च्या सुरुवातीला तिथं निवडणुकीवरून दंगली झाल्या तेव्हा हे अजून वाढलं. मग मालकानं बांधणाऱ्यांचा पगार वेगवेगळा न ठेवता दोघांच्या मिळून कामावर केला, तशी त्या दोघांमधली तफावत मिटली. मालकानं ना कोणाचं मन बदललं, ना भाषण दिलं, पैसे द्यायची पद्धत बदलली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण तुमच्या अंगणातल्या माणसांचं मन बदलायची वाट पाहत बसलात तर तुमची नातवंडं मिल चालवतील तोवर.

अन तुमच्या 350 वाल्या तोडग्याचं सांगते, राग मानू नका, तीन पर्यायांतला तो सगळ्यात वाईट आहे. बाहेरून माणूस आणून 600 द्या, ठीक, महाग पडेल अन दाणा चावून पाहणारी तुमच्या हातून जाईल, पण निदान सरळ आहे. तिला 600 देऊन ऑपरेटर करा, हा माझा सल्ला. पण 350 मध्ये काय होतं, माणसं चिडतातच कारण बाई वर गेली, अन बाकीच्या आठ बाया पाहतात की मशीन चालवलं तरी बाईचा भाव 400 च्या खालीच. कोणीच खूश नाही, तुम्ही सोडून.

ओडिशात छोट्या वर्कशॉपमधल्या मजुरांवर एक प्रयोग झाला, 2018 मध्ये त्याचा पेपर आला. काही टीममध्ये सगळ्यांना सारखी रोजी, काहींमध्ये कमी-जास्त. ज्यांना आपल्या सोबत्यापेक्षा कमी मिळत होतं त्यांचं काम घसरलं, वर ते कामावरच यायचे कमी झाले, म्हंजे आपलीच रोजी बुडवून घरी बसले. अन ज्या कामात कोण जास्त करतं हे डोळ्यानं साफ दिसत होतं तिथं मात्र फरक ठेवला तरी कोणी चिडलं नाही. आता तुमच्या अंगणाकडे बघा. सहा जण एकच काम करतात, तीच तूर, तेच फावडं, तेच ऊन, अन दोघांना 400, चौघींना 250. यात कोणाला काय साफ दिसतं? हमालांचं बघा, कट्टा उचलला की पैसे, त्यांच्या कमाईवर एकही बाई बोलत नाही असं तुम्हीच लिहिलंय.

तुम्ही तक्रार केलीय की जानेवारीत तुरीचा सीझन सुरू झाला की ऐन वेळी बाया कापसाच्या वेचणीला पळतात. पळणारच! वेचणीत किलोवर पैसे मिळतात, काटा बाई-माणूस पाहत नाही, चपळ हाताची बाई तिथं माणसाच्या वर कमावते. फरदडीचा, म्हंजे हंगाम संपल्यावर उरलेल्या झाडांचा, कापूस असला तरी. तिकडं वजनावर मोल होतं अन तुमच्याकडे लुगड्यावर, मग ती तुमच्याकडे का थांबेल? अन तिच्या जागी जी नवी येते ती खडा सोडते, नागपूरचा व्यापारी लॉट परत करतो, गाडीभाडं तुमच्या बोडख्यावर. हा खर्च तुम्ही बायांच्या रोजीच्या खात्यात कधी धरला नाही, "व्यापारी नालायक" या खात्यात टाकला.

कायद्याचं पटकन सांगते. 1976 पासून समान वेतनाचा कायदा आहे, आता तो 2019 च्या वेतन संहितेत आलाय, सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर बाई-माणूस फरक करता येत नाही. अंगणातला तुमचा फरक सरळसरळ बेकायदा आहे, तिथं "हळूहळू वाढवतो" चालत नाही. अन हुशारी करून माणसांचे 400 खाली आणून सगळ्यांना 325 करायचं तर तेही कायद्यानं बंद आहे. किमान वेतनाचा आजचा दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या, चहावाल्याकडून नाही. अजून एक, 10 किंवा जास्त लोक कामावर असले, रोजंदारीचे धरून, की लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष बाईच लागते. तुमचे 14 आहेत.

निवडणीच्या कामाची तुलना अंगणाशी थेट होत नाही असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन, आठ तास मान खाली घालून रंगीत दाणा न खडा शोधून पाहा एक दिवस. मूळ रोजी सगळ्यांची 400 करा, अन वरून जो लॉट परत न येता विकला गेला त्यावर क्विंटलमागं काही रक्कम पूर्ण टीमला, अंगण, निवडणी, मशीन सगळ्यांना सारखी वाटून. किती ते तुमची लॉटची वही सांगेल. मग अंगणातला गडी स्वतःच म्हणेल की बाई, दाणा चावून पाह्य नं एकदा.

पत्रात दोन गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्या, मला त्या सगळ्यात जास्त टोचल्या.

एक, बाया दुपारी घरी जातात अन तासभर येत नाहीत, शिस्त नाही. भाऊ, मिलमध्ये बायांसाठी संडास आहे का? मला वाटतं नाही. माणसं कंपाउंडच्या मागं जातात, बाईनं कुठं जायचं? ती सकाळपासून पाणीच पीत नाही, एप्रिलच्या उन्हात, अन दुपारी घर गाठते. नऊ बायांचा तासभर म्हंजे रोजचे नऊ तास, एका बाईची पूर्ण रोजी तुम्ही रोज घालवता. एक पक्का संडास बांधा, आतून कडी लागणारा, पाण्याची टाकी असलेला.

दुसरी, ती बाई न तिच्या मोहल्ल्यातल्या अजून दोघी "आपलं पाणी घरून आणतात". तुम्ही ते असं लिहिलं की जणू त्यांची आवड आहे. मिलमध्ये माठ आहे ना? मग का आणतात, हे त्यांना नाही, स्वतःला विचारा, वडलांना विचारा. ज्या बाईच्या दातावर तुमच्या पूर्ण लॉटचा भाव ठरतो तिला तुमच्या माठाचा गिलास चालत नाही, हे कसं? इथं नफा-तोट्याचा प्रश्नच येत नाही. उतारा 66 वर आला असता तरी हे थांबवावंच लागलं असतं, अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. कामाला लागायच्या आधी सगळ्यांसमोर त्या माठातून तुम्ही पाणी काढा, तिला द्या, तिथंच उभं राहून तुम्ही पण प्या. दोन दिवस कुजबुज होईल. होऊ द्या.

आता "बाईच्या हाताखाली" वाले. बंगालमध्ये सरपंचपद बायांसाठी राखीव झालं तिथं असाच अभ्यास झाला होता, 2009 चा. लोकांना एकच भाषण ऐकवलं, कधी पुरुषाच्या आवाजात कधी बाईच्या. जिथं बाई कधी प्रधान, म्हंजे तिथली सरपंच, झालीच नव्हती तिथं पुरुषांनी बाईच्या आवाजातलं भाषण कमी दर्जाचं ठरवलं. जिथं बाई कारभार करून गेली होती तिथं हा फरक गेला. गंमत म्हंजे तोंडानं विचारलं तर तिथले पुरुष तरीही म्हणायचे की आम्हाला पुरुषच पुढारी आवडतो. तर तुमच्या गड्यांना आवडेल असं धरूनच चालू नका, काम पाहू द्या त्यांना.

मशीन ही माणसाचीच गोष्ट हे डोक्यातून काढा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल कित्येक बचत गटांच्या बायाच चालवतात, तिथल्या एखाद्या गटात तिला दोन दिवस पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च न रोजी देऊन. पट्ट्यांना जाळी बसवा, पदर अडकला तर जीव जातो. वेचणीला जाताना बाया लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट घालतात ना, तसा एक जाड कापडाचा कोट द्या, मशीनवर जो कोणी असेल त्याला, बाई असो का माणूस. लाईट रात्रीची असेल तर रात्रपाळीत तिला एकटी ठेवू नका अन घरी सोडायची सोय ठेवा.

अन नाव द्या तिच्या कामाला. "ऑपरेटर" म्हणा, हजेरीच्या वहीत तसं लिहा. मशीन कधी सुरू, कधी बंद, लॉट वाळला का नाही, हे ती ठरवेल असं सगळ्यांना एकदा उभं करून सांगा अन मग मध्ये पडू नका. आपल्याकडे बाईला पद देतात अन किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात, गावोगाव सरपंचपतींचं पाहतोच आपण. एखादा गडी सोडून गेलाच तर जाऊ द्या. पण माझा अंदाज आहे 400 ची रोजी न वरचा वाटा सोडून उन्हाळ्यात कोणी जात नाही.

वडलांची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गावातला शेतकरी आधीच गळ्यापर्यंत आलाय, सोयाबीनला भाव नाही, कापसाचं तेच, निंदणाचा रोज अजून वाढला तर तो कुठून देईल? तुमच्यावर चिडणारे लोक वाईट नाहीत. वडलांना सांगा की आपण निंदणाचा रोज ठरवत नाही, आपल्या मिलवर सीझनभराचं काम आहे अन त्यात लॉट परत आला तर आपलाच खिसा फाटतो. दारात कोणी आलं तर वही दाखवायची, किती उतारा, किती लॉट परत. तरी दोन-चार जण बोलणं बंद करतील, ते होणार, त्याला माझ्याकडे औषध नाही. मात्र "गावात सगळे 250 देतात" म्हणून 250 बरोबर, असं वडील म्हणत असतील तर त्यांना विचारा, व्यापारी सगळे मिळून तुरीचा भाव पाडतात तेव्हा आपण काय म्हणतो?

हे वाचणाऱ्या बायांसाठी पण, लेकराच्या मोबाईलवर का होईना वाचत असाल तर. मालकाच्या वहीवर भरवसा ठेवू नका, आपली हजेरी घरच्या कॅलेंडरवर रोज मांडा, तारीख, काम काय केलं, पैसे किती मिळाले, दुसऱ्याचं काम केलं असेल तर तेही. रोजी मागायला एकटी जाऊ नका, चार-पाच जणी जा, अन सीझनच्या सुरुवातीला जा, शेवटी नाही. मालकानं ऐकलंच नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देता येतो, अर्जाची पोच घ्यायची विसरू नका. अन छळाची तक्रार असेल, कामावर 10 पेक्षा कमी लोक असतील किंवा मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.